पार्ल्याच्या घराची यादी

विलेपार्ले पूर्वेचं आमचं बैठं कौलारू घर पुनर्विकासाला गेलं. करारात चौरस फूट नीट मोजले होते. मोजायचं राहिलं ते इथे लिहून ठेवते.

ओटा : शहाबादी फरशीचा, पुढच्या दाराला लागून. भाजीवाली आली की 'वहिनी, जरा हात लावा' म्हणायची. आई पाटीची एक कड धरायची, दोघी मिळून ती उतरवायच्या. आधी पाणी, मग भाव.

आरेचं दूध केंद्र : पहाटेची रांग. एका हातात कार्ड, दुसऱ्या हातात रिकाम्या काचेच्या बाटल्या. बाटलीचं झाकण पातळ पत्र्याचं, अंगठ्याने दाबलं की निघायचं. ती झाकणं आम्ही धुऊन, नखाने सपाट करून साठवायचो; गणपतीच्या मखराला लागायची. कुणाचं बाळंतपण, कुणाची बदली, सगळं रांगेत कळायचं. नेहमीचे आजोबा दोन दिवस दिसले नाहीत, तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्यांच्या घरी डोकावून यायचं.

गिरणी : 'गव्हावरच टाका, बाजरीवर नको', हा आईचा निरोप मी वाटभर घोकत जायचे. येताना डबा पोटाशी धरायचा. थंडीत त्याची ऊब बरी वाटायची. घरी आल्यावर झाकण काढून पीठ निवू द्यायचं. माझ्या मुलीला हे समजावून सांगावं लागलं, कारण तिने गरम पीठ कधी पाहिलेलंच नाही.

बिस्किटांचा वास : पार्ले कारखान्याचा. 1929 साली सुरू झालेला हा कारखाना 2016 मध्ये थांबला. लोकलमध्ये डुलकी लागली तरी या वासाने जाग यायची.

गल्लीतलं वाचनालय : एवढासा गाळा, छतापर्यंत पुस्तकं. चालकांना प्रत्येक घराची आवड पाठ. 'हे तुझ्या आजीसाठी बाजूला ठेवलंय' म्हणत पुस्तक हातात द्यायचे. आजीला न विचारता, आणि ते तिला आवडायचंच.

चालत जाण्याचं अंतर : पार्ले टिळक विद्यालय 1921 चं, लोकमान्य सेवा संघ 1923 चा. दोन्ही आजही चालू आहेत, याचा आनंद आहे. तिथे एकटं चालत निघालेलं आठ वर्षांचं मूल मात्र मला दिसत नाही. वाणी, इस्त्रीवाला, चांभार यांच्या नजरेखालून आम्ही शाळेत पोचायचो. आमचं घर कुंपणापाशी संपत नव्हतं.

विहीर : मागच्या दारी, आंब्याखाली. नळाला पाणी नसलं की आळीतल्या बायका कळश्या घेऊन यायच्या. विचारायची पद्धत नव्हती. पाणी स्वच्छ राहावं म्हणून आजोबांनी विहिरीत कासव सोडलं होतं. दुपारी ते वर यायचं, तेव्हा आजी त्याला भाताची शितं टाकायची. नव्या नकाशात त्या जागी वाहनतळ आला. सह्या करताना आमच्यापैकी कुणीही विहिरीचं नाव काढलं नाही. मीही नाही.

तुमच्या घराचा करार व्हायचा असेल, तर सही करण्याआधी नकाशात विहीर शोधा. नसेल तर आखून घ्या.