शेपूट छाटलेलं प्रथिन

चि. सई,


कोरड्या बर्फात आलेल्या प्रथिनाच्या त्या इवल्याशा नळीवर ‘मानवी’ असं वाचून तू दचकलीस म्हणे! संगणक सोडून जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरलीस, तेव्हा दचकणं आलंच. जनुक माणसाचं, पण प्रथिन बहुतेक वेळा ई. कोलाय जिवाणूंकडून घडवून घेतात. त्याच्या टोकाला हिस्टिडिनांची छोटी माळ जोडतात. ती निकेलला धरून राहते आणि बाकीचं सगळं धुऊन निघतं.

तुझ्या नळीतलं प्रथिन व्हॅम्प-२, म्हणजेच सिनॅप्टोब्रेव्हिन. उणीपुरी ११६ अमिनो आम्लं. १९८८ मध्ये स्टॅनफर्डला रिचर्ड शेलर यांच्या प्रयोगशाळेत त्याच्या कुळातलं एक प्रथिन हाती लागलं, ते विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशात.

व्हॅम्पचं काम मात्र उमगलं विषामुळे. पायात खिळा घुसला की आपल्याकडे आधी टीटीचं इंजेक्शन देतात ना, त्या धनुर्वाताचं विष. १९९२ साली इटलीत पादुआच्या स्किआव्हो, मोंतेकुको आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हे विष व्हॅम्प-२ मधल्या ७६ आणि ७७ क्रमांकाच्या आम्लांमधला एकच बंध तोडतं. बोटुलिनम-बी विषही नेमकं तिथंच चावतं. धनुर्वातात एवढ्यानं स्नायूंना आवर घालणारे निरोप थांबतात आणि रोगी ताठरतो. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, पण याहून नेमका घाव मी पाहिला नाही.

चेतापेशीत निरोप नेणारी रसायनं भरलेल्या बारीक पिशव्या असतात, त्यांच्या पटलात हे प्रथिन रुतलेलं असतं. समोरच्या पटलावरच्या सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५ या प्रथिनांसोबत ते चार पेडांची वेणी घालतं. त्यातले दोन पेड स्नॅपचे. वेणी आवळली की पटलं एक होतात आणि रसायन बाहेर पडतं. पेशीतल्या पिशव्यांच्या या वाहतुकीबद्दलचं नोबेल आलं ते २०१३ मध्ये.

आता कामाचं. पटलात रुतणारं शेपूट पाण्यात विरघळत नाही, म्हणून विकणारे पुष्कळदा ते छाटून पहिली ९४ आम्लंच देतात. विष चावतंय का, एवढंच तपासायचं असेल तर तेवढं पुरतं. कृत्रिम पिशव्या एकमेकींत मिसळवायच्या असतील तर मात्र शेपूट हवंच. तेव्हा नळी वितळवण्याआधी माहितीपत्रकातले आम्लांचे आकडे बघ. वितळवलीस की बर्फावरच छोटे वाटे करून ठेव. पुन्हा पुन्हा गोठवू नकोस.

तुझी,
आत्या