वाटाण्याएवढं ग्रीस

आज पिकाचं नाही, पिकअपचं लिहितो. माल वेळेवर बाजारात पोचला तरच पीक आपलं, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आमचं शेत ओवळ्याला, घोडबंदर रोडजवळ. पावसाळ्यात भात, नंतर भेंडी. भेंडी पहाटे भाईंदरला जाते, म्हणजे गायमुखचा घाट आलाच. या रस्त्यावर गाडी चालत नाही, सरपटते. कंटेनरच्या मागं हाफ क्लचवर दहा-दहा मिनिटं. मोकळ्या रस्त्यावर जी क्लच प्लेट वर्षानुवर्षं टिकते ती इथं लवकर झिजते.

गेल्या हंगामात क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट बदलायला टाकला. गिअरबॉक्स खाली उतरवलेला. मिस्त्री बोटाच्या टोकावर जरासं ग्रीस घेऊन शाफ्टच्या खाचांना लावत होता. मी बाजूला उभा. म्हटलं, "एवढी मजुरी घेतोस, ग्रीसला कसली कंजूसी? भर की चांगलं." तो नको म्हणत होता, पण मी डब्यात बोटं घालून स्वतःच थापलं. शेतातल्या अवजारांना आपण भरभरून ग्रीस देतो, तीच सवय.

तीन आठवड्यांनी घाटात गाडी पहिल्या गिअरला थरथरायला लागली. नंतर इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही. जळका वास. पाठीमागं 12 क्रेट भेंडी, त्याच्या मागं हॉर्नवर हॉर्न. टोचन लावून गाडी काढली. भेंडी दुपारी पोचली, निम्म्या भावात गेली.

गिअरबॉक्स परत खाली आला. मी लावलेलं ग्रीस क्लच प्लेटवर उडालेलं. प्लेट इंजिनाबरोबर मिनिटाला हजारो फेरे घेते. जादा ग्रीस तापून पातळ होतं आणि बाहेर फेकलं जातं. क्लच तर घर्षणावरच चालतो. ग्रीस प्यायलेली प्लेट पुसून काही होत नाही, नवीनच टाकावी लागली.

आता कुठं किती लावायचं ते सांगतो.

शाफ्टच्या खाचा, ज्याला मिस्त्री स्प्लाइन म्हणतात: जास्त उष्णता सोसणारं ग्रीस, ब्रशनं पातळ हात. प्लेट दोन-तीनदा आत-बाहेर सरकवायची आणि कडेला जमलेलं ग्रीस स्वच्छ फडक्यानं पुसून टाकायचं. अगदी कोरडंही ठेवू नका. प्लेट खाचांवर मोकळी सरकली नाही तर क्लच दाबूनही पूर्ण सुटत नाही, गिअर करकरतो.

क्लचचा फोर्क: ज्या गोळ्यावर तो टेकतो तिथं आणि बेअरिंगला लागतात त्या टोकांना, वाटाण्याएवढं.

रिलीज बेअरिंग ज्या नळीवर सरकतं ती: पुसट थर. नळी प्लास्टिकची असेल तर गाडीचं पुस्तक बघा, काही ठिकाणी कोरडीच ठेवतात. हे बेअरिंग डिझेलमध्ये धुऊ नका. आतलं ग्रीस निघून जातं, मग क्लच दाबला की किंचाळतं.

प्लेटच्या दोन्ही बाजू, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचा चकचकीत भाग: काहीच नाही. ग्रीसचा हातसुद्धा नको. नवीन प्रेशर प्लेटला गंज धरू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरनं पुसा. रॉकेल-डिझेल नको, त्याचा तेलकटपणा राहतो.

आणखी एक. गिअरबॉक्स खाली असताना इंजिनाचं मागचं आणि गिअरबॉक्सचं पुढचं ऑइल सील बघून घ्या. तेल गळत असेल तर तेव्हाच बदला, नाहीतर नवी प्लेट त्याच तेलात जाते.

युरिया जास्त झाला की भात लोळतो, हे मला तीस वर्षं माहीत आहे. ग्रीसचंही तसंच, हे कळायला दोनदा मजुरी भरली. मिस्त्रीला म्हटलं, चुकलं माझं. तो म्हणाला, "काका, भेंडीच्या वाफ्यात मी कधी बोललोय का?"

तेव्हा ट्रॅक्टर असो की पिकअप, क्लचचं काम निघालं तर जवळ उभे राहा, नीट बघा, पण डब्यात हात घालू नका.