हरणाऱ्याचे गुण

शिक्षकाचा जीव घाबरा करण्याचे अनेक उपाय आहेत. त्यांतला सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पाचपैकी सात गुण मिळवलेला माणूस त्याच्यापुढे आणून उभा करणे. मी वीस वर्षे नागपुरात मुलांचे पेपर तपासतो आहे. ओढूनताणून पस्तीसच्या काठावर आणून सोडलेली पुष्कळ मुले माझ्या खात्यावर आहेत. परंतु "उत्तर फारच सुंदर उतरले आहे, तेव्हा पाचपैकी सात घे" असे म्हणण्याचे औदार्य मला कधी साधले नाही.

डेव्ह मेल्त्झर नावाच्या एका अमेरिकन पत्रकाराला मात्र ते साधले आहे. आपल्याकडे जशी नाटकांची परीक्षणे येतात तशी हे गृहस्थ कुस्त्यांची परीक्षणे लिहितात आणि प्रत्येक कुस्तीला पाचपैकी तारे देतात. ४ जानेवारी २०१७ रोजी टोकिओत ओकाडा आणि ओमेगा या दोन मल्लांची कुस्ती झाली, तिला त्यांनी सहा तारे दिले. त्याच जोडीच्या त्या वर्षीच्या जूनमधल्या कुस्तीला सव्वासहा दिले. आणि पुढे ९ जून २०१८ रोजी ओसाकात हे दोघे पुन्हा भिडले, तेव्हा सात! बरे, या कुस्त्या तरी कसल्या? तर ज्यांचा निकाल आधीच ठरलेला असतो अशा. म्हणजे पेपर फुटलेला, उत्तरे पाठ केलेली, आणि वर पाचपैकी सात! तुम्हीच सांगा, हे कोणता मास्तर मुकाट्याने ऐकून घेईल?

ही बातमी आमच्या घरात आणली ती माझ्या पुतण्याने. तो नववीत आहे आणि जपानी कुस्तीच्या बाबतीत मात्र त्याचे पाठांतर निर्दोष आहे. "काका, तुम्हीच तपासून पाहा ना," असे म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी त्याने ४ जानेवारीचा तो संपूर्ण खेळ टेलिव्हिजनवर लावला. मी कागद आणि तांबडी पेन्सिल घेऊन बसलो. बाहेर नागपूरचे ऊन रस्ता वितळवीत होते. घरात कूलर घुमत होता. आणि पलीकडच्या खाटेवर माझे मामा बसले होते.

मामा जुने पहिलवान. सत्तरी केव्हाच ओलांडली. पण कानाच्या मोडलेल्या पाकळ्या अजून तालमीची साक्ष देतात. त्यांची मान उजवीकडे वळत नाही. उजवीकडे पाहायचे म्हणजे त्यांना सगळे अंगच वळवावे लागते. तरुणपणी एका जत्रेच्या दंगलीत हात निसटला आणि मानेवर पडलो, एवढेच त्यांनी आम्हांला सांगितलेले. घरातल्या प्रत्येक मुलाने कधी ना कधी त्यांच्या त्या वळण्याची नक्कल केली आहे, आणि त्यांनी ती हसून पाहिली आहे.

पहिल्याच कुस्तीला वाघांचे मुखवटे घातलेले दोघे जण उतरले. मामांनी एक डोळा बारीक केला आणि निकाल देऊन टाकला, "हे कुस्ती नोहे बाप्पा. नुरा हाये नुरा!"

नुरा म्हणजे ठरवून केलेली कुस्ती. तालमीच्या मातीत याहून मोठी शिवी नाही. मामांचे दैवत खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्या गटाचे सुवर्णपदक शोहाची इशी या जपानी मल्लाने नेले आणि खाशाबांनाही त्याच्याकडून हार घ्यावी लागली. "पन थे हार खरी होती," मामा म्हणाले. "त्या जपान्याले आदल्या रात्री मालूम नव्हतं का आपन जिंकनार म्हनून!"

मी पेन्सिल उचलली आणि वाघांना दोन गुण दिले. मग गोतो आणि शिबाता आले. हे दोघे शाळासोबती. शाळेच्या कुस्तीच्या संघात एकत्र वाढलेले. सोळा मिनिटे दोघांनी एकमेकांच्या छातीवर असे तडाखे दिले, की कूलरच्या आवाजातही ते ऐकू येत होते. मी चार लिहिले. शेवटी ओकाडा आणि ओमेगा आले. ओकाडा हा उंचापुरा, सोनेरी केसांचा. 'रेनमेकर' म्हणजे पाऊस पाडणारा अशी त्याची पदवी. विदर्भातल्या माणसाचे कान या शब्दाला टवकारणारच. पण हा पाऊस पैशाचा. त्याच नावाचा त्याचा एक डाव आहे: प्रतिस्पर्ध्याचे मनगट धरून त्याला खसकन आपल्याकडे ओढायचे आणि दुसरा हात त्याच्या गळ्याशी आडवा हाणायचा. ओमेगा कॅनडाचा. त्याचा हुकमाचा डाव 'एकपंखी देवदूत'. तो त्या दिवशी अखेरपर्यंत ओकाडाला लागलाच नाही. शेहेचाळीस मिनिटे पंचेचाळीस सेकंद ही कुस्ती चालली आणि २६,१९२ प्रेक्षक ती पाहत होते.

मध्येच ओकाडाने ओमेगाला पाठीवरून असे भिरकावले, की तो सर्वांत वरच्या दोरावरून बाहेर जाऊन लाकडी टेबलावर आदळला. टेबलाचे तुकडे झाले. पुतण्या टाळ्या पिटू लागला. मामा मात्र खाटेवरून पुढे सरकले.

"मागं घे जरा," ते म्हणाले. "अजून मागं."

तो प्रसंग त्यांनी तीनदा पाहिला. पुढे ओमेगाने ओकाडाला वरच्या दोरावरून मागच्या मागे आपटले, तेव्हा तोही तीनदा. मग म्हणाले, "पडनारा नुसता पडला नाही बे. उचलनाऱ्यानं ठेवला त्याले. आन् पडनाऱ्यानं आपली मान त्याच्या हातात देल्ली होती."

माझी पेन्सिल तेथेच थांबली. निकाल ठरलेला आहे म्हणून नाक मुरडायचे, तर नागपूरकराने कशाकशाला मुरडावे? दसऱ्याला कस्तुरचंद पार्कवर रावण जळणार, हे लहान पोरालाही ठाऊक असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. गेली सव्वाशेहून अधिक वर्षे तिचा शेवट कधी बदललेला नाही. झाडीपट्टीत रात्र रात्र जागून नाटक पाहणाऱ्याला खलनायकाचे काय होणार हे पहिल्या अंकातच कळते. पण म्हणून तो उठून घरी जात नाही. शेवट कळल्याने गोष्ट संपत नाही, हे कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला तरी कोणी शिकवायला नको. पण कागदाच्या रावणाला मान नसते. या माणसांना आहे, आणि ती मोडते.

त्या दिवशी माझ्याकडून चार गुण घेऊन गेलेला शिबाता तीनच महिन्यांनी, ९ एप्रिल २०१७ रोजी, ओकाडाशी लढला. त्याने आपले कपाळ ओकाडाच्या कपाळावर असे हाणले, की त्याच्याच कपाळावरून रक्ताची धार लागली. कुस्ती तो हरला आणि आत जाऊन कोसळला. मेंदूशी रक्त साकळले होते. शस्त्रक्रिया करावी लागली. पुन्हा कुस्तीसाठी उभा राहिला तो २०२२ च्या जानेवारीत. मित्सुहारू मिसावा हा तर एका सबंध पिढीचा नायक. १३ जून २००९ रोजी हिरोशिमात तो नेहमीसारखा पाठीवर आपटला गेला, हजारदा आपटला गेला होता तसाच. पण त्या वेळी उठला नाही. निकाल ठरलेला होता. मरण ठरलेले नव्हते.

जपानात हा खेळ लोकांच्या घराघरांत गेला तो १९५४ साली. युद्धात हरलेला तो देश. फेब्रुवारीत रिकिदोझान नावाचा माजी सुमो मल्ल शार्प बंधू या धिप्पाड परदेशी जोडीशी लढला. टेलिव्हिजन तेव्हा नवा. लोक रस्त्यांवर आणि चौकांत मांडलेल्या संचांपुढे गर्दी करून उभे राहिले. आपला माणूस गोऱ्यांना पाडतो आहे, हे त्यांना पाहायचे होते. गंमत अशी, की तो 'आपला माणूस' कोरियात जन्मलेला होता. आणि ही गोष्ट लोकांपासून लपवून ठेवण्यात आली होती.

आपल्याकडे त्याच सुमारास मुंबईच्या वरळीला वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंग काँग यांच्या कुस्त्यांना अशीच झुंबड उडत असे. हा किंग काँग मूळचा हंगेरियन. नाव एमिल झाया. अवाढव्य देह, दाढी, डरकाळ्या. तो मुंबईत दारासिंगकडून हरे. १९५५ च्या नोव्हेंबरात टोकिओला जाऊन तो रिकिदोझानकडूनही हरला. आमच्या लहानपणी मामा त्याची नक्कल करून आम्हांला पळवीत. आज मला वाटते, त्या माणसाचे उपकार आपण कोठेच लिहून ठेवले नाहीत. नुकते स्वतंत्र झालेले एक राष्ट्र आणि नुकते हरलेले एक राष्ट्र, या दोघांनाही एकेक वीर हवा होता. किंग काँगने आपली पाठ टेकवून दोघांचीही गरज भागवली.

पुतण्याकडे कशाची वाण नव्हती. बोलता बोलता त्याने आणखी एक जुनी फिल्म लावली. २२ डिसेंबर १९५४. एका बाजूला रिकिदोझान, दुसऱ्या बाजूला मासाहिको किमुरा. जुदोमध्ये त्या काळी किमुराला जोड नव्हती. ही कुस्ती बरोबरीत सोडवायची असे दोघांत ठरले होते, हे किमुराने पुढे स्वतः सांगितले. सुरुवातीला सारे ठरल्यासारखे चालले आहे. मग एकाएकी रिकिदोझान खरे मारू लागतो. किमुरा सावरायच्या आत खाली जातो आणि उठू शकत नाही.

फिल्म संपली. पुतण्या म्हणाला, "म्हणजे हीच खरी कुस्ती झाली की, आजोबा!"

मामा बोलले नाहीत. बराच वेळ कूलरच बोलत होता. मग त्यांनी सगळे अंग वळवून माझ्याकडे पाहिले.

"माहीबी बरोबरीच ठरली होती," ते म्हणाले. "सलामीच्या आधी. अर्धा इनाम त्याचा, अर्धा माहा. तुह्या मायच्या लग्नाचं साल होतं थे. पैसा लागत होता. मी अंग सैल सोडलं. त्यानं सैल अंगावर डाव मारला." थोडे थांबून म्हणाले, "कसलेल्या अंगावर डाव बसला तं थे कुस्ती. सैल सोडलेल्या अंगावर बसला तं..."

वाक्य त्यांनी पुरे केले नाही. मीही ते पुरे करणार नाही. आईला हे ठाऊक होते की नाही, ते विचारायला आता ती नाही. त्या दंगलीतला दुसरा मल्ल कोण, हे मी मामांना विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. पन्नास वर्षे 'हात निसटला' म्हणणाऱ्या माणसाने एवढे सांगितले, हेच पुष्कळ होते.

रात्री मी माझा गुणांचा कागद पुन्हा काढला. त्यावर सगळे गुण जिंकणाऱ्यांच्या नावापुढे होते. कोणी कोणता डाव कसा मारला याचे. परीक्षकाची ही नजर शाळेत चालते, कारण शाळेत मूल एकटे लिहिते आणि एकटेच पास-नापास होते. येथे मात्र दोघांचा पेपर एकच. ओमेगाने मान दिली नाही, तर ओकाडाचा डाव दिसत नाही. आणि ओकाडाने ती मान सांभाळली नाही, तर उद्याची कुस्तीच नाही. निकाल ठरलेला असला, तरी प्रत्येक वेळी उचललेला माणूस खाली ठेवायचा की टाकायचा, हे ठरवायचे त्या क्षणालाच असते. तेथे कोणालाही फसवता येते. आणि शेहेचाळीस मिनिटे कोणी कोणाला फसवले नाही. मी कागदावर दुसरी एक ओळ आखली आणि हरणाऱ्यांची नावे लिहिली. ओमेगापुढे किती गुण मांडले ते येथे सांगत नाही. हेडमास्तरही हा अंक वाचतात.

हे लिहितो आहे तेव्हा घरात दिवाळीची आवराआवर चालली आहे. गाद्या अंगणात उन्हात पडल्या आहेत, आणि आळीतली पाच-सहा पोरे त्यांवर 'रेनमेकर' मारीत आहेत. मामांची खुर्ची शेजारीच आहे. हातातली काठी ते वस्तादाच्या छडीसारखी रोखतात. कोणाला डाव शिकवीत नाहीत. "हनुवटी छातीले लाव. आता हात पसर. श्वास सोड," एवढेच एकेकाला सांगतात. पुतण्या त्यांच्यापुढे पाठीवर पडला, चुकला, पुन्हा पडला.

"पाडनं कोनालेबी येते," मामा म्हणाले. "आधी पडाले शिका. आन् ज्यानं मान देल्ली, त्याची सांभाळाले शिका."

पोरगा तिसऱ्यांदा धपकन पडला. वर्षभराची धूळ उडाली, आणि स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, की गाद्या झोडपायला घरात काठी आहे म्हणून!