दोन मैलांचे चित्र

‘सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे फक्त तीन आण्यांत!’ अशा अर्थाची ‘राजा हरिश्चंद्र’ची सुरतेतली जाहिरात मी आपल्या ग्रंथालयातल्या एका जाडजूड पुस्तकात वाचली आणि तिथेच वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. ३५ मिलिमीटरच्या फितीत एका फुटाला सोळा चित्रे बसतात. सत्तावन्न हजाराला सोळाने भागले की साडेतीन हजार फुटांहून थोडे अधिक येतात. मैलाचे फूट ५,२८०. म्हणजे दोन मैल तर सोडाच, पाऊण मैलसुद्धा भरत नाही! चित्रांचा आकडा खरा मानला तर मैलांचा आकडा खोटा. सत्यासाठी राज्य, बायको, मुलगा सारे सोडणाऱ्या राजाच्या चित्रपटाची ही जाहिरात!

पण त्यामागची हकिकत वाचली की हसू मावळते. दादासाहेब फाळक्यांचा हा चित्रपट २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांना दाखवला गेला आणि ३ मे रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी लागला. तिथेही एकट्या हरिश्चंद्रावर थिएटरचा विश्वास नव्हताच. त्याच तिकिटात मिस डेलमार यांचे नृत्य, एक विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर हेही होते. पुढे चित्रपट सुरतेला गेला. पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये, असे सांगतात. तिथला भागीदार घाबरला. इथले लोक दोन आण्यांत सहा तास नाटक बघतात, तुमच्या दीड तासाला तीन आणे कोण देणार? खेळ लांबवा, नाहीतर दर उतरवा, असे त्याचे म्हणणे. फाळक्यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी जाहिरात बदलली. वेळ मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी लांबी मोजून दिली. गल्ला तीनशेवर गेला म्हणतात.

मला यातला तो भागीदार फार खरा वाटतो. मूकपटांचा इतिहास आपण कलावंतांचा इतिहास म्हणून शिकतो. पण चित्रपट आधी थिएटरवाल्याच्या गळी उतरवावा लागे आणि मग त्याच्या दारात माणसे उभी करावी लागत. आजच्यासारखी वितरणाची घडी तेव्हा कुठली? फाळके स्वतः बैलगाडीत यंत्र, पडदा आणि फिती घालून हिंडले, आणि परतताना नाण्यांचे ओझे होई. त्याआधी १८ मे १९१२ला याच कॉरोनेशनमध्ये तोरण्यांचा ‘पुंडलिक’ लागला होता. आठवड्यात मुंबईतल्या जवळजवळ निम्म्या हिंदूंनी तो पाहिला, आता उरलेल्या निम्म्यांनी यावे, असे त्याच्या जाहिरातीत होते. हेही दोन मैलच की!

हे सगळे वाचताना मला आमचे आबा आठवत होते, हे आता सांगायला हवे. आबा म्हणजे माझे आजोबा. तरुणपणी ते जत्रांतून फिरणाऱ्या एका तंबू थिएटरवर कामाला होते. सकाळी खळ शिजवायची, गावातल्या भिंतींवर पोस्टरे चिकटवायची, दुपारी टांग्यात कर्णा बांधून आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ओरडत फिरायचे. ‘आज शेवटचा खेळ! आज शेवटचा खेळ!’ शेवटचा खेळ चार-चार दिवस चाले. पाचव्या दिवशी ‘लोकाग्रहास्तव मुक्काम वाढविला आहे.’

आमच्या घरात हा विषय निघत नाही. वडिलांना शाळेत ‘पिच्चरवाल्याचा’ म्हणून चिडवत, ते त्यांनी अजून विसरलेले नाही. मी कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हाही ‘विचारलंच कुणी, तर आजोबा शेती करायचे म्हणून सांग’ असे त्यांनी मला बजावले होते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. ती पायरी स्वच्छ असावी, असे त्यांना वाटले असणार. मला त्यांचा राग येत नाही. पण ज्या कामाबद्दल फाळक्यांवरच्या पुस्तकात अख्खे पान छापले जाते, तेच काम आमच्या घरात दडवून का ठेवायचे, हे मला कळत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी आबांना दोन मैलांचा हिशेब करून दाखवला. ते बराच वेळ हसत राहिले. म्हणाले, “मैल कोन मोजाया जातंय? फीत लई लांब हाय, एवढं कळलं म्हंजी झालं.”

“पण आबा, शेवटचा खेळ म्हणून एखादा माणूस उसने पैसे घेऊन आला असेल. त्याला फसवलं असं नाही वाटलं कधी?”

ते गप्प झाले. मग म्हणाले, “वाटायचं तर. तंबू रिकामा गेला की आमच्याच चुली पेटायच्या न्हाईत, म्हनून वरडायचो. पर पिच्चर भिकार असला ना पोरी, तर कर्णा जरा बारीक ठिवायचो.”

मालकाला हे कधी कळले नाही म्हणे.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आबांना ठाऊक होते ते नावाने. १९२०च्या ‘सैरंध्री’चे ते दिग्दर्शक, हे मी सांगितले, आबांना रस होता तो पेंटर आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः रंगवीत यात. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून तयार झालेला त्यांचा हात होता. गोष्ट आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिकाही ते काढीत. “मंग चिकटवायला कोन असल त्यांच्याकडं?” आबांनी विचारले. कोणत्याही पुस्तकात हे नाव मला मिळालेले नाही. मी शोधते म्हटले.

‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढेच पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात आहे, आणि तेही १९१७च्या नव्या आवृत्तीचे असावे असे काही अभ्यासक म्हणतात. जिथे फितीच टिकल्या नाहीत, तिथे भिंतीवरच्या कागदांचे काय? आबांजवळही एकसुद्धा पोस्टर उरलेले नाही. उरलेली पोस्टरे ते घरी आणीत आणि आजी त्यांची वडिलांच्या वह्यांना कव्हरे घाली. कागद जाड असे, वर्षभर टिके. छापलेली बाजू वडील आत ठेवायला लावीत.