पंचावन्न क्रमांकाची गाडी

जी गाडी कोणत्याही कारखान्यातून विक्रीसाठी बाहेर पडली नाही आणि जिच्या चाकांना रस्त्याची धूळ कधी लागली नाही, अशा एका गाडीने आमच्या घरातला वाद मिटविला, असे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल. पण घडले ते असे.

२०१४ सालच्या नाताळच्या सुट्टीची गोष्ट. माझा मुलगा तेव्हा बारावीत होता. परीक्षा दोन महिन्यांवर आलेली, आणि हा मात्र ‘ग्रान तुरिस्मो’ नावाचा मोटार शर्यतीचा व्हिडिओ गेम लावून टीव्हीसमोर बसलेला. मी तीस वर्षे ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केलेला माणूस. यंत्रांच्या सुट्या भागांचे आराखडे काढण्यात माझी दृष्टी झिजली. मुलाने मेकॅनिकल इंजिनिअर व्हावे ही माझी इच्छा. त्याला मात्र वस्तूंना रूप देण्याची कला, म्हणजे डिझाइन, शिकायचे होते. त्या प्रवेशाचा अर्ज पालकाच्या सहीवाचून आठवडाभर टेबलावर पडून होता. ‘‘चित्रे काढून पोट भरत नाही,’’ असे मी त्याला सुनावले होते. चित्रे काढूनच ज्याने संसार चालविला त्याच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

त्या संध्याकाळी पडद्यावर एक विलक्षण गाडी उभी होती. जमिनीला जणू चिकटलेली, रुंद, चाकांवर फुगीर खांदे असलेली. ‘‘ही कोणाची?’’ मी न राहवून विचारले.

‘‘माझदाची, पप्पा. एलएम ५५. खास ह्या खेळासाठीच काढलीय. खरी नाहीये.’’

‘‘म्हणजे खोट्या गाडीपायी खरी परीक्षा बुडवायची!’’

तो चिडला नाही. खेळ थांबवून तो मला सांगू लागला. काझुनोरी यामाउची ह्या जपानी गृहस्थांनी १९९७ साली हा खेळ प्रथम बाजारात आणला. खेळाला पंधरा वर्षे झाल्याच्या निमित्ताने, २०१३ साली, त्यांनी जगभरच्या मोटार कंपन्यांना एक आमंत्रण दिले : केवळ आमच्या खेळासाठी तुमच्या मनातली गाडी काढून द्या. खर्चाचा हिशेब नको, कारखान्याच्या अडचणी नकोत, सरकारी नियम नकोत. कंपन्यांनी गाड्या दिल्या. माझदाने दिलेली ही गाडी त्याच डिसेंबरात खेळात दाखल झाली होती.

‘‘पण पंचावन्न कशाला?’’ मी विचारले. ड्राफ्ट्समनला आकड्याचा अर्थ कळल्याशिवाय चैन पडत नाही.

त्या आकड्याची कथा मात्र पूर्ण खरी निघाली. फ्रान्समधील ल माँ येथे दरवर्षी चोवीस तासांची शर्यत होते. १९९१ च्या जून महिन्यात माझदाच्या ७८७बी ह्या नारिंगी-हिरव्या गाडीने ३६२ फेऱ्या मारून ती जिंकली. तिच्या अंगावर ५५ हा क्रमांक होता. जपानी कंपनीचा तेथील तो पहिला विजय. दुसरा विजय मिळवायला टोयोटाला २०१८ साल उजाडावे लागले. शेवटचा टप्पा चालविणारे जॉनी हर्बर्ट गाडीतून उतरले तेव्हा इतके गळून गेले होते की, विजेत्यांच्या मंचावर त्यांचे दोन सोबती, फोल्कर वाइडलर आणि बेरत्रां गाशो, त्यांच्याविना उभे राहिले.

त्या गाडीचे इंजिनही जगावेगळे. नेहमीच्या इंजिनात पिस्टन खाली-वर होतात. ह्या रोटरी इंजिनात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण लंबवर्तुळासारख्या पोकळीत गरगर फिरतो. मूळ कल्पना फेलिक्स वांकेल ह्या जर्मन संशोधकाची. हिरोशिमाच्या ह्या कंपनीने ती हाती घेतली तेव्हा त्रिकोणाच्या टोकांवरच्या पट्ट्या पोकळीच्या भिंतीवर ओरखडे काढीत आणि इंजिन निकामी होई. कामगार त्या ओरखड्यांना सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. केनइची यामामोतो आणि त्यांचे सेहेचाळीस सहकारी त्या खुणांशी वर्षानुवर्षे झगडले, तेव्हा कोठे १९६७ साली रोटरीची पहिली माझदा गाडी, कॉस्मो स्पोर्ट, रस्त्यावर आली. आणि ल माँचा विजय मिळाला, तर पुढच्याच वर्षीच्या नियमांत रोटरी इंजिनाला जागा उरली नाही.

हे ऐकताना मी खुर्ची पुढे ओढून कधी बसलो, मला कळले नाही. ती टोकांवरची पट्टी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. असे कितीतरी बारीक तुकडे मी ट्रेसिंग पेपरवर काढले होते. त्यांतला एक, पाण्याच्या पंपाचा, मी चार महिने खपून नव्याने आखला होता. वरिष्ठांनी तो पाहिला, ‘छान’ म्हटले आणि कपाटात ठेवून दिला. तो पंप कधी बनला नाही. नोकरी सुटताना ती गुंडाळी मी घरी आणली. ती आजही कपाटावर आहे. तो आराखडा खोटा होता काय?

मनात आणखी एक विचार आला. त्या चित्रकारांना पूर्ण मोकळीक होती. कोणतेही नाव, कोणताही आकडा त्यांना चालला असता. सगळी बंधने सुटलेली असताना त्यांनी आपणहून एकच बंधन पत्करले : आपल्या आधी राबलेल्या माणसांची आठवण. ज्या मुलाला मी स्वप्नाळू समजत होतो, त्याला ती आठवण फेऱ्यांच्या संख्येसकट पाठ होती.

मी काही बोललो नाही. कपाटावरची गुंडाळी काढून त्याच्यापुढे पसरली. त्याने ती बराच वेळ, बोट न लावता, वाकून पाहिली. मग विचारले, ‘‘पप्पा, हे पाते असे वळवले, ते कशासाठी?’’ तीस वर्षांत हा प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारला नव्हता. रात्री जेवण झाल्यावर मी अर्जावर सही केली. अभ्यासाची ताकीद मात्र दिलीच.

पुढच्या वर्षी, २०१५ साली, इंग्लंडमधील गुडवुड येथील मोटारींच्या महोत्सवात एक उंच शिल्प उभारले होते. त्याचे छायाचित्र मुलाने मला दाखविले. आकाशात झेपावणाऱ्या त्या शिल्पावर दोन गाड्या होत्या : ल माँ जिंकलेली ७८७बी, आणि खेळासाठी काढलेली एलएम ५५. एक घडलेली, एक न घडलेली; दोघींना एकाच शिल्पात जागा मिळाली होती.

माझा मुलगा आज मोटारी काढत नाही. तो इस्पितळातल्या खाटा आखतो. रोग्याला कुशीवर वळविताना परिचारिकेची कंबर दुखू नये म्हणून कठडा कसा असावा, ह्यावर तो रात्री जागतो. त्याच्या दहा आराखड्यांपैकी नऊ कपाटात जातात. तो उदास झाला की मी त्याला विचारतो, ‘‘हा वळण असा का घेतलास?’’ मग तो सांगू लागतो, आणि मी खुर्ची पुढे ओढून बसतो.