धबधब्याखालचा डोह

प्रतापगड म्हटला कीं बहुतेक वाचकांच्या मनांत जावळीचें रान आणि १६५९ साल उभें राहतें. आमचा प्रतापगड त्याहून निराळा. तो गोंदिया जिल्ह्यांत, अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत, झाडीच्या मुलुखांत आहे. महाशिवरात्रीस तेथें मोठी यात्रा भरते. महादेवाचे भाविक आणि दर्ग्यास जाणारे लोक एकाच डोंगराकडे येतात. गेल्या कार्तिकांत मी नातवासह तेथें गेलों तेव्हां मात्र वाटेवर शुकशुकाट होता. नातू सोळा वर्षांचा. शहरांतल्या बांधीव तलावांत पोहण्याची बक्षिसें मिळविलेला. गड उतरतांना त्यानें विचारलें, “आजोबा, इकडे खरें पोहतां येईल असें पाणी कोठें आहे?”

मी कांहीं वेळ बोललों नाहीं. माझें बालपण वैनगंगेच्या कांठीं गेलें. बाराव्या वर्षीं एका अनोळखी डोहांत आम्ही दोघे सोबती उतरलों आणि मी एकटाच वर आलों. त्यानंतर पन्नासांहून अधिक वर्षें मी गुडघ्यापलीकडे नदींत शिरलों नव्हतों. घरांत हें कोणास ठाऊक नव्हतें.

तरीही दुसऱ्या दिवशीं आम्ही अर्जुनीहून गोंदियास आणि तेथून हावड्याच्या लोहमार्गानें दरेकशास पोंचलों. सालेकसा तालुक्यांतला हाजरा धबधबा येथून चालत जाण्याइतका जवळ आहे. रानांतून जातांना प्रथम नाद ऐकूं येतो. मग झाडी फांकते आणि कड्यावरून कोसळणारें शुभ्र पाणी एकदम समोर येतें. पावसाळा सरून महिना झाला होता, तरी धारेचा जोर ओसरला नव्हता. खालच्या डोहावर तुषारांचें धुकें तरंगत होतें.

नातवानें सदरा काढलाही. इतक्यांत सरपणाचा भारा खालीं ठेवून एक वृद्ध गोंड गृहस्थ पुढें आले. “नोको जाऊ जी, गुरुजी,” ते मला म्हणाले, “पोराले थांबवा. पांढरं पानी मानसाले धरत नाही.”

मी गुरुजी हें त्यांनीं कसें ओळखिलें कोण जाणे! पण त्यांचें वाक्य पदार्थविज्ञानाच्या कसोटीस पूर्ण उतरणारें होतें. फेसाळ पाण्यांत हवा मिसळलेली असते. त्यामुळें तें हलकें होऊन शरीरास तोलून धरीत नाहीं. उत्तम पोहणाराही त्यांत बुडूं लागतो. शिवाय धार तळाशीं आपटून पुढें वर येते आणि पृष्ठावरचें कांहीं पाणी उलटें धारेकडेच ओढलें जातें. तलावांतल्या बक्षिसांचा येथें काय उपयोग? मनूनेंही चौथ्या अध्यायांत जेवणानंतर, आजारांत, मध्यरात्रीं आणि माहीत नसलेल्या जलाशयांत स्नान निषिद्ध सांगितलें आहे. मला तो श्लोक भेटला तो चार वर्षें उशिरां.

नातू हिरमुसला. तेव्हां, ज्या गोष्टीवर इतकीं वर्षें झांकण ठेविलें होतें, ती मीं त्याला तेथेंच दगडावर बसून सांगितली. तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें सदरा पुन्हा अंगांत घातला.

वृद्ध गृहस्थांना आमची दया आली असावी. त्यांनीं आम्हांस ओढ्याच्या अंगानें बरेंच खालीं नेलें. तेथें खडकांमध्यें पाणी संथ होऊन साठलें होतें, आणि तळाची वाळू स्पष्ट दिसत होती. त्यांनीं काठी ठिकठिकाणीं बुडवून दाखविली. कोठेंही छातीपलीकडे पाणी नव्हतें. “इथं आमचे पोट्टे शिकतेत,” ते म्हणाले. शेवाळाचा एक खडक मात्र त्यांनीं बोटानें दाखवून वर्ज्य ठरविला.

नातू उतरला. दोन हात मारून तो वळला आणि त्यानें माझ्याकडे हात पुढें केला. मीं पंचा नेसला. पाणी इतकें थंड कीं श्वास अडकला. गुडघा गेला, कंबर गेली. पायांखालीं वाळू होती. मी हात सैल सोडले, आणि बारा वर्षांच्या वयांत शिकलेलें शरीर विसरलें नव्हतें. पांचसहा हात मी पोहून गेलों. कांठावर तंबाखू मळीत बसलेले गृहस्थ मोठ्यानें हंसले.

परतीच्या गाडींत नातवानें दोन्ही ओले पंचे खिडकीच्या गजांस बांधले. सालेकसा मागें पडल्यावर त्यानें हळूच विचारलें, “आजोबा, त्यांचें नांव काय होतें?” मीं माझ्या सोबत्याचें नांव सांगितलें. तें मोठ्यानें उच्चारण्याची माझी ही अनेक वर्षांतली पहिलीच वेळ.