कीबोर्ड कोणाच्या हातात?

बारावीचा निकाल लागला, की मला इकडे अमेरिकेत नातेवाइकांचे ईमेल यायला लागतात. "धाकट्याला कॉम्प्युटरला घालतोय. जावा शिकवू की पायथन? सध्या काय चालतं तिकडे?" जणू मी मार्केट यार्डात बसलोय आणि मला रोजचा भाव माहीत आहे!

मंडळी, हा भाव टिकत नाही. आम्ही कॉलेजात टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर घाम गाळला. आज माझ्या कामात त्याचा काहीही उपयोग नाही. आता तर कोड लिहून देणारी यंत्रंही आलीत. म्हणून भाषेऐवजी मी त्यांना एका कॉलेजची गोष्ट सांगतो.

कॅलिफोर्नियात क्लेअरमाँट गावी हार्वी मड नावाचं छोटंसं कॉलेज आहे. विद्यार्थी जेमतेम नऊशेच्या आसपास. पुढे कोणताही विषय घ्या, पहिल्या सत्रात कॉम्प्युटर सायन्स सगळ्यांना सक्तीचं. २००६ साली मारिया क्लावे तिथे अध्यक्षा म्हणून आल्या, तेव्हा हा विषय घेऊन पदवी करणाऱ्यांत मुली दहा टक्क्यांच्या आसपास होत्या. त्या सुमारास प्राध्यापकांनी पहिला कोर्स नव्याने बेतला. जावा जाऊन पायथन आली, पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. त्यांनी वर्ग विभागला. प्रोग्रॅमिंग कधीच न केलेल्यांचा 'गोल्ड', आधी केलेल्यांचा 'ब्लॅक'. पुढच्या कोर्सला सगळे पुन्हा एकत्र. आणि प्रत्येक प्रश्नाला हात वर करून बाकीच्यांना गार करणारे वीर असतात ना, त्यांना प्राध्यापक बाजूला घेऊन सांगत, की तुझ्याशी बोलायला मला आवडतं, पण इतर मुलं बुजतात, तेव्हा आपण तासानंतर बोलू. पाचेक वर्षांत मुलींचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरात गेलं.

हे वाचलं तेव्हा मला आमची लॅब आठवली. एका मशीनवर तिघं. ज्याच्या घरी कॉम्प्युटर, त्याच्या हातात कीबोर्ड. उरलेले दोघं वहीत आउटपुट उतरवून जर्नल पूर्ण करणार. आमच्या गटात मराठी माध्यमातून आलेली एक मुलगी होती. गणित आम्हा सगळ्यांपेक्षा पक्कं. चार वर्षं ती बाजूला बसून बघत राहिली, "हे आपलं काम नाही" असं तिने मनाशी ठरवलं आणि बँकेच्या परीक्षेला बसली. बँकेची नोकरी चांगलीच आहे हो. पण कॉम्प्युटर आपल्याला जमतो की नाही, हे आजमावून बघायची संधी तिला मिळालीच नाही.

पुढे पीएचडी करताना मी इथे पहिल्या वर्षाची लॅब घ्यायचो. तिथे जोडीने प्रोग्रॅम लिहायची पद्धत होती. एकजण टाइप करणार, दुसरा बघून चुका सांगणार आणि थोड्या वेळाने अदलाबदल. सुरुवातीला गप्प बसणारी मुलं महिन्याभरात भांडायला लागत, "हा लूप इथे थांबणारच नाही!" यंत्राने लिहिलेला कोड तपासायलाही नेमकी हीच नजर लागते.

तेव्हा पालकहो, जावा का पायथन ह्याची चिंता सोडा. आणि इंजिनिअरिंगला शिकवणाऱ्या माझ्या मित्रांनो, एक विनंती. लॅबमध्ये दर वीस मिनिटांनी कीबोर्ड फिरवा. त्याला ना अनुदान लागतं, ना विद्यापीठाची मंजुरी.